मेत्री सरांचा अर्धा मिलिमीटर

मागच्या महिन्यात दुकानातला कॉम्प्युटर बसला. दुरुस्त करायला आलेला माणूस स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अक्का, एकाच नावाच्या एकोणीस फायली दिसतात इथं. उडवू?" मी वाकून बघितलं. 'मेत्री सर फायनल'. 'मेत्री सर फायनल दोन'. 'मेत्री सर खरंच फायनल'. 'मेत्री सर आता बास'. नावं माझीच, त्या त्या दिवशीच्या रागात दिलेली. त्याला सांगितलं, बाकीचं काय उडवायचं ते उडवा, ह्यांना हात लावू नका. तो गेल्यावर मलाच माझा राग आला. सर जाऊन दोन वर्षं झाली. होते तेव्हा ह्या फायलींनी माझ्या डोक्यावर मिरे वाटले, आणि आता उडवायची वेळ आली तर माझाच हात आखडतो.

हुबळीत गोकुळ रोडवर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. एका बाजूला लेथचं वर्कशॉप, दुसऱ्या बाजूला पंपाचे भाग बनवणारा कारखाना. गिऱ्हाईकं सगळी ह्याच रस्त्यावरची. कोटेशन टाईप करून द्या, चलन छापून द्या, खोक्यांवर चिकटवायला लेबलं काढून द्या. लेबलांचा कागद वेगळा येतो, मागं गोंद असलेला, एका कागदावर दहा चौकोन आधीच कापलेले. त्यावर 'बेअरिंग, पन्नास नग' एवढं छापलं की झालं. अक्षरं थोडी वर गेली, थोडी खाली गेली, कुणाला फरक पडतो? खोकं फोडलं की लेबल कचऱ्यात. मी अळणावरकडच्या शेतकऱ्याच्या घरातली. काम समोर आलं की उरकून मोकळं व्हायचं, एवढंच मला लहानपणापासून माहीत.

आणि अशा दुकानात मेत्री सर आले. सत्तरीला टेकलेले, उंच, वाळके. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि सहा इंची स्टीलची पट्टी. "जयभीम अक्का," म्हणाले, "लेबलं करून मिळतात असं कळलं." मी म्हटलं, मिळतात की, किती खोकी आहेत?

"खोकी नाहीत," ते म्हणाले. "पोरं आहेत."

हुबळीतल्या एका सरकारी कन्नड शाळेतून ते रिटायर झालेले. घरी बोलायचे मराठी, जन्मभर शिकवलं कन्नड, आणि चिडले की कुठल्याच भाषेत बोलायचे नाहीत, नुसते चष्मा पुसत बसायचे. त्यांच्या बौद्ध समाजाची मराठी बोलणारी घरं हुबळीत चार-पाच वस्त्यांत विखुरलेली. कुणी अमरगोळच्या मार्केट यार्डात हमाली करतं, कुणी कुठं शिपाई, कुणी दवाखान्यात नर्स. त्या घरांतली जेवढी पोरं दहावीला बसायची त्यांची यादी सर दरवर्षी वहीत लिहून काढायचे. निकाल लागला की पास झालेल्या प्रत्येकाला टपालानं अभिनंदनाचं पत्र. मजकूर सगळ्यांना एकच, बिननावाचा, कागदाच्या एका बाजूला कन्नड, मागं मराठी. पोरांनी कन्नड वाचावं, आजीला मराठी वाचून दाखवावं. वर तारीख आणि खाली सही, दोन्ही सरांच्या हातची. पत्रं त्यांच्याकडे तयार होती. माझ्याकडून हवं होतं ते फक्त पाकिटावरचं पत्त्याचं लेबल.

फक्त म्हणजे काय ते ऐका. चारी कोपऱ्यांत पिंपळाचं एकेक पान, पानांची टोकं बाहेरच्या बाजूला. चारी कडांनी बारीक निळी रेघ, पत्राला होती तशीच. आत पोराचं पूर्ण नाव मराठीत, मोठ्या अक्षरात. त्याखाली पत्ता कन्नडात, पोस्टमनसाठी. शेवटी पिनकोड. पान त्यांनी स्वतः शाईनं काढून आणलं होतं, आणि ते फार सुरेख होतं, खोटं कशाला बोलू.

मी तोंडावरच विचारलं, सर, तुमचं अक्षर मोत्यासारखं आहे, पाकिटावर हातानंच लिहा की. एवढा खटाटोप कशाला?

"हातानं लिहिलेलं शाळेतलं वाटतं, अक्का. छापलेलं सरकारी वाटतं. ह्यांच्या घरी छापलेला कागद येतो तो नोटिशीचाच येतो. एक तरी चांगला येऊ दे."

मी हो म्हटलं, आणि फसले.

वर्ड प्रोसेसरवर असलं काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना माझा त्रास कळायचा नाही. पत्र टाईप करायला ते सॉफ्टवेअर गरीब गाय. पण त्यात चित्र घातलं की त्याच्या अंगात येतं. डाव्या कोपऱ्यात पान ठेवलं की मधलं नाव खाली उडी मारायचं. नाव वर ओढलं की पान शेजारच्या लेबलात जाऊन बसायचं. नाव मराठी, पत्ता कन्नड, पिनकोड इंग्रजी, तिन्ही लिप्यांची उंची वेगळी. ओळीची उंची बांधून टाकली तर मराठीतल्या वेलांट्यांचे शेंडे कापले जायचे. मोकळी सोडली तर चौकोन फुगून खालच्या लेबलावर चढायचा. एवढं करून स्क्रीनवर सगळं जागच्या जागी बसलं, की प्रिंटर आपली अक्कल चालवायचा. वरची ओळ बरोबर, दुसरी केसभर खाली, आणि पाचव्या ओळीला पोचेपर्यंत खालच्या पानांची टोकं चौकोनाबाहेर. पहिल्या वर्षी तर दहा लेबलांतल्या एकात एक पान उलटं झालं, का झालं ते आजवर मला कळलेलं नाही.

आणि हे सगळं चाललेलं असताना समोर स्टुलावर सर. कधी काउंटरला टेकायचे नाहीत, कधी घाई करायचे नाहीत. कागद छापून बाहेर आला की खिशातून पट्टी काढायची, कागद उजेडात धरायचा, पट्टी लावायची आणि म्हणायचं, "अर्धा मिलिमीटर, अक्का." आवाज चढवला असता तर मी भांडले तरी असते. ते आपले वर्गातल्या पोराला सांगावं तसं सांगायचे. मी एकदा चिडून म्हटलं, सर, अर्धा मिलिमीटर पोस्टमनला दिसत नाही. ते म्हणाले, नोड्री, बघा, मला दिसतो तर पोराला दिसणार. तेव्हा त्यांना नीट दिसत होतं.

वेलांटी कापली गेली की मात्र ते अस्वस्थ व्हायचे. "नाव कापू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वेलांटी कापली तरी तेच, बापाच्या नावाचं नुसतं पहिलं अक्षर घेतलं तरी तेच. जागा पुरत नाही म्हणून मी एका पोरीच्या बापाला एका अक्षरात उरकलं होतं. सर म्हणाले, एका अक्षरात हजेरीत ठीक आहे, पाकिटावर बाप पूर्ण यायला पाहिजे. मग त्या एका बापासाठी मी दहाच्या दहा लेबलांतली अक्षरं बारीक केली.

बिघडलेले कागद मी टोपलीत टाकायला गेले की ते हात पुढं करायचे. नावं आहेत त्यावर, म्हणायचे, आणि माझा सगळा कचरा चार घड्या घालून पिशवीत घालून घरी न्यायचे. माझी चीड घडी करून कुणी घरी नेतंय असं वाटायचं आणि मला आणखीनच राग यायचा.

पत्त्यांचं तर विचारू नका. त्या वस्त्यांत बऱ्याच घरांना नंबर नाहीत. मग सर पत्ता सांगायचे, 'पाण्याच्या टाकीमागे, तिसरी गल्ली, निळं दार.' एका वर्षी जागा वाचवायला मी गुपचूप 'निळं दार' काढून टाकलं. लगेच पकडलं. परत घातलं, छापलं, पट्टी लागली, सर गेले. मी हुश्श करून चलनं घ्यायला लागले, तोवर दुसऱ्या दिवशी दारात हजर. "अक्का, दार हिरवं झालंय." त्या घरी लग्न निघालं होतं म्हणून नवा रंग दिला होता, आणि सर यादी पक्की करायला दर वर्षी प्रत्येक घरावरून पायी जाऊन यायचे, त्यात त्यांना दिसलं. मी म्हटलं, सर, पोस्टमन तिथं वीस वर्षं जातोय, त्याला दार निळं की हिरवं ह्याच्याशी काय करायचंय? ते म्हणाले, पोस्टमनसाठी नाही हो, कुणीतरी आपलं दार बघून पत्ता लिहिला हे घरच्यांना कळू दे. मी कपाळावर हात मारला आणि दार हिरवं केलं.

अशी चार वर्षं गेली. पाचव्या वर्षी सरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. लेबल नाकाजवळ नेऊन बघायचे, पण पट्टी सुटली नव्हती. त्या वर्षी त्यांच्या यादीतली एकतीस पोरं परीक्षेला बसली. मी हुशारी केली. निकालानंतर घाई नको म्हणून एप्रिलमध्येच एकतीस नावं टाईप करून ठेवली. निकालात तीस पास झाली, एक मुलगी राहिली, अश्विनी यल्लाप्पा कांबळे, गणितात. तिचं नाव काढून मी दुसरी फाईल केली. तीस लेबलं, दहा-दहाचे तीन कागद, अगदी मोजून.

पहिला आणि तिसरा कागद पट्टीला उतरला. दुसऱ्यात खालच्या पानांची टोकं गेली होती. सकाळपासून माझं हेच चाललेलं. शेजारच्या लेथमुळं दोनदा लाईट गेली होती, पंपाच्या कारखान्यातला माणूस चलनासाठी काउंटरवर बोटं वाजवत उभा होता, आणि सर म्हणाले, "अर्धा मिलिमीटर." माझं टाळकं सणकलं. मी फाईल उघडली, चौकोन जरा वर ओढले आणि दुसरा कागद परत छापला.

उघडली ती जुनी फाईल होती. एकतीस नावांची. सगळ्याच फायलींचं नाव फायनल, त्यातली कुठली खरी हे रागात कोण बघतो? जुन्या फायलीत अश्विनी चौदावी होती. ती दुसऱ्या कागदात परत येऊन बसली आणि तिच्यामुळं त्या कागदावरचं शेवटचं नाव, राहुल नावाच्या मुलाचं, बाहेर ढकललं गेलं. लेबलं दहाची दहाच राहिली. सरांनी चारी कोपऱ्यांना पट्टी लावली. "आता बरोबर," म्हणाले, आणि हसले सुद्धा. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. मोजणी बरोबर, पानं बरोबर. नावं आम्ही दोघांनीही वाचली नाहीत.

आठ-दहा दिवसांनी सर आले ते वही हातात घेऊन. राहुलचे वडील त्यांच्या घरी येऊन गेले होते. फार संकोचानं विचारलं म्हणे, पोरगा पास झालाय, गल्लीत बाकीच्यांना पत्रं आली, आमचं काही चुकलं का? आम्ही दोन्ही फायली उघडून शेजारी-शेजारी ठेवल्या. सरांनी स्क्रीनला नाक लावून एकेक नाव वाचलं. चौदाव्या नावावर थांबले. नापास झालेल्या पोरीच्या घरी आम्ही पिंपळपानं लावून अभिनंदन पाठवलं होतं.

सर खाली बसले आणि चष्मा पुसायला लागले. मी म्हटलं, सर, चूक माझी आहे, मी जाऊन पत्र परत आणते. फोन करू का आधी? ते उठले. "चला," म्हणाले. भर अकरा वाजता दुकान बंद करून मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले.

त्या गल्लीत मी आयुष्यात पहिल्यांदा जात होते. पाण्याची टाकी दिसली, मग ते हिरवं दार दिसलं, आणि त्या दारावर मला माझं लेबल दिसलं. पाकिटासकट कापून काढलेलं, पाऊस लागू नये म्हणून वरून चिकटपट्टी मारून कडीच्या वर डकवलेलं. पुढच्या दारावर तसंच. त्याच्या पुढच्या दारावर दोन, एकाखाली एक, दोन बहिणींची. ज्या घरांना नंबर नव्हते त्यांनी पोरांच्या नावाच्या पाट्या केल्या होत्या. एका दारावर एक पान उलटं होतं. पहिल्या वर्षीचं. एका दारावर वेलांटीचा शेंडा उडालेला. माझ्या चुका मी एकामागून एक ओळखत चालले होते. चार वर्षं मी बेअरिंगच्या खोक्यांची लेबलं समजून हे उरकत होते, आणि इथं ती जायची-यायची माणसं वाचत होती. सरांनी एका शब्दानं कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कमी चिडले असते की नाही ते देव जाणे, पण मला त्या गल्लीत फार लाज वाटली.

अश्विनीच्या घराचं दार उघडंच होतं. त्यावर नवंकोरं लेबल. चारी पानं जागेवर, रेघ सरळ, मी केलेल्या सगळ्या लेबलांत ते एक बिनचूक होतं.

अश्विनीची आई एका खानावळीला ज्वारीच्या भाकरी करून द्यायची. पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. सर स्वतः आले म्हणून तिला काय करू नि काय नको झालं. आम्हाला बसवलं, हात धुतले, आणि डब्यातली साखर आमच्या दोघांच्या तळहातावर ठेवली. सगळ्या गल्लीत वाटली सर, म्हणाली, आमच्या दोन्ही घराण्यांत पहिलीच. आतल्या दाराशी अश्विनी उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझ्या लक्षात आलं. पोरीनं निकाल घरी सांगितलाच नव्हता. मोबाईलवर मार्क दिसत नाहीत म्हणून दिवस ढकलत होती, तोवर आमचं पत्र आलं, आणि मग तिचं तोंडच बंद झालं.

तळहातावरची साखर घेऊन मी बसले होते. तोंडात टाकली तर खोटेपणा, खाली ठेवली तर त्या बाईचा अपमान. सरांनीही हात तसाच उघडा धरला होता. ते म्हणाले, "बाई, जरा बसा. पत्र पाठवण्यात आमची चूक झाली. अश्विनीचं गणित राहिलंय."

आईनं पोरीकडे बघितलं. पोरगी दाराआड सरकली, आणि तेवढ्यानं आईला कळायचं ते कळलं. मी मध्येच म्हटलं की छापताना चुकलं ते माझं, सरांचं नाही. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"गल्लीत साखर वाटली मी, सर," ती म्हणाली. "आता घरोघर जाऊन परत मागू?"

"परत कशाला मागायची?" सर म्हणाले. "पत्र खोटं नाही, बाई. लवकर आलंय. दोन महिने लवकर."

मग त्यांनी ते पत्र मागितलं. फळीवर फोटोशेजारी ठेवलेलं होतं. सरांनी साखर डाव्या हातात मुठीत धरली, वहीतून अर्धं ब्लेड काढलं, खिशातून पट्टी काढली, आणि फरशीवर कागद ठेवून, पट्टी लावून, वरची तारखेची पट्टी सरळ कापून काढली. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी रेघ वाकडी गेली नाही. कापलेला तुकडा खिशात घातला. पत्र आईकडे दिलं नाही, अश्विनीच्या हातात दिलं. पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख सोमवार आहे, म्हणाले. संध्याकाळी गणिताची वही घेऊन घरी ये. आणि पास झालीस की हे पत्र घेऊन ये, तारीख घालून देतो.

एवढं बोलून त्यांनी साखर तोंडात टाकली. मग मीही टाकली. ती अर्धी विरघळली होती आणि हात चिकट झाला होता.

निघताना सर दारापाशी थांबले. मला वाटलं, लेबल काढतील. त्यांनी एका कोपऱ्यावरून अंगठा फिरवला, तिथं कागद जरा सुटला होता तो दाबला, आणि चालू लागले. रिक्षात माझा बांध फुटला. मी म्हटलं, सर, ते दारावर कशाला ठेवलंत? त्या पोरीनं ते रोज बघायचं? लोक विचारतील त्यांना काय सांगायचं? सरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. हातातच धरून बसले.

"पान बघत बसलो, अक्का," म्हणाले. "नाव बघितलं नाही."

त्या दिवशी परत येऊन आम्ही राहुलचं लेबल काढलं. दोघांनी मोठ्यानं नाव वाचलं, दोनदा. पट्टी लावायचं त्यांना सुचलं नाही आणि मीही आठवण केली नाही.

आता ह्यानंतर अश्विनी पास झाली असती तर गोष्ट छान झाली असती. झाली नाही. सर आठवड्यातून चार दिवस तिला गणित शिकवत होते, जवळजवळ न दिसणाऱ्या डोळ्यांनी, पाटीवर मोठे आकडे काढून. पुरवणी परीक्षेत ती परत त्याच विषयात राहिली. ऐकून माझं डोकं फिरलं. पोरीचा राग आला, गणिताचा आला, सरांचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या दारावरच्या लेबलाचा आला. सरांकडूनच कळलं की तिनं सुरीनं ते खरवडायला घेतलं होतं. एका बाजूची दोन पानं निघाली. पुढं आईनं हात धरला. नाव राहिलं.

मी म्हटलं, सर, आता तुमचं पत्र दोन महिने नाही, वर्षभर लवकर झालं. मुद्दामच टोचून म्हटलं, माझा स्वभाव तसा.

"हौद," ते म्हणाले, म्हणजे कन्नडातलं हो. "लवकरच की."

पुढच्या वर्षीच्या यादीत अश्विनीचं नाव परत होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, पण सर खूप थकले होते, हात कापायचा. बेळगावहून त्यांचा मुलगा सारखा न्यायला येत होता आणि सर निकाल लागू दे म्हणून त्याला थोपवत होते. निकाल लागला. अश्विनी पास. मला एवढा आनंद झाला की मी सर यायच्या आधीच तिचं लेबल करून ठेवलं. एकच लेबल, एका कागदावर एकटं, मधोमध. वेलांटी शाबूत, चारी पानं सारखी, त्यांच्यासारखीच पट्टी मी स्वतः विकत आणली होती, ती लावून तपासलेलं. सर आले, त्यांनी ते बघितलं आणि बाजूला सारलं.

"तिला पत्र गेलंय," म्हणाले.

मी म्हटलं, अहो पण ते चुकून गेलेलं, हे खरं आहे. ते ऐकायला तयार नाहीत. एका पोराला एकच पत्र, बाकीच्यांना काय सांगायचं? मी दिवस घालवला होता त्या लेबलावर. एवढा हट्टी माणूस मी जन्मात बघितला नाही. मी ते लेबल चुरगाळून टोपलीत टाकायला गेले, तर त्यांनी सवयीप्रमाणं हात पुढं केला, घडी घातली आणि पिशवीत ठेवलं.

दोन दिवसांनी ते परत आले. बसमधून उतरताना अश्विनीनं त्यांचा कोपर धरला होता. तिच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते पत्र. घड्यांवर कागद विरायला आला होता. सर स्टुलावर बसले, पत्र काउंटरवर पसरलं आणि पेन काढलं. वरच्या बाजूला जागा नव्हती, तिथली तारीख त्यांनीच कापून नेलेली. म्हणून सहीच्या खाली, निळ्या रेघेच्या आत जी बोटभर जागा होती तिथं लिहायला लागले. पहिला आकडा वर गेला, पुढचे उतरत गेले, आणि शेवटचा तर रेघ ओलांडून पार बाहेर, कागदाच्या कडेला जाऊन पडला.

मला ते बघवेना. पाच वर्षं ज्या माणसानं मला अर्ध्या मिलिमीटरसाठी रडवलं त्याच्या हातून हे असं झालेलं मला सहन होईना. मी माऊस हातात घेतला. म्हटलं, सर, थांबा, मी नवीन काढून देते. तारीख छापूनच देते, सरळ येईल. दोन मिनिटं लागतील.

"राहू द्या, अक्का," सर म्हणाले. "पोचलं."

पेनाला टोपण लावून त्यांनी खिशात ठेवलं. पट्टी त्याच खिशात होती. ती त्यांनी काढली नाही.

त्यांचं ते शेवटचं येणं. नंतर मुलगा त्यांना बेळगावला घेऊन गेला आणि त्याच वर्षी ते गेले, ते मला महिन्याभरानं कळलं. त्या दिवशी मात्र मी काउंटरमागून बाहेर येऊन बघत उभी होते. रस्त्यावर ट्रकची वर्दळ होती. अश्विनीनं सरांना हात धरून पलीकडे नेलं. दुसऱ्या हातात पत्र उघडंच होतं, अंगापासून लांब धरलेलं, शाई ओली होती म्हणून. बस आली. माणसं ढकलत चढायला लागली, तरी तिनं त्याची घडी घातली नाही. तसंच वर धरून ती सरांना पायरी चढवत होती.